आप्पांच्या खुणेची फळी

आमच्या ताईला कुणी विचारलं, "लग्न का नाही केलंस?" तर ती हातातलं काम न थांबवता सांगते, "काटकोनात बसणारा सापडला नाही." विचारणारा खो खो हसतो. ताई हसत नाही, कारण तिने थट्टा केलेलीच नसते. टेबलाचा पाय, खिडकीची झडप, माणसाचं बोलणं, सगळं ती एकाच मापाने मोजते. समोरच्याने खुर्ची जरा तिरकी ठेवली तरी उठून सरळ करते आणि मग बसते.

ताई सुतार आहे. मी तिची धाकटी बहीण. तिच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात माझं शिलाई मशीन आहे, मी खुर्च्यांच्या गाद्या आणि सोफ्यांची कव्हरं शिवते. तिच्या भुशाने माझं कापड खराब होतं आणि माझ्या बडबडीने तिचं डोकं, असं ती म्हणते. खरं म्हणजे तिच्यासारखी तोंडाला कुलूप लावून बसले असते तर या घरातलं कुठलंच भांडण मार्गी लागलं नसतं.

आणि आमच्या दोघींच्या डोक्यावर आप्पा. आमचे वडील. वर्कशॉप त्यांचं, शब्दही त्यांचाच. त्यांच्या स्टुलाच्या वर भिंतीत एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला त्यांचा गुण्या लटकतो. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. आप्पांचा आहे तो कॉम्बिनेशन गुण्या, म्हणजे पोलादी पट्टीवर सरकणारं जड डोकं, हवं तिथे सरकवा आणि स्क्रू आवळा. तरुणपणी पोटाला चिमटा काढून घेतलेला. आम्हाला त्यांनी कधी कडेवर घेतलं नसेल तितक्या मायेने ते त्याला तेल लावतात. ताईला तो वापरायचा असला तर "आप्पा, घेऊ का?" असं विचारावं लागतं. एवढी घोड्याएवढी बाई, आणि विचारते!

दुसरा कायदा कडेचा. खडबडीत फळी आली की आधी तिची एक कड रंधा मारून दोरीसारखी सरळ करायची. मग सगळी मापं, सगळे काटकोन त्या एका कडेवरून. ती कड चुकली की पुढचं सगळं चुकलं. म्हणून ती कड आप्पाच करायचे. झाली की तिच्यावर शेंदरी पेन्सिलीने एक वळणदार खूण ओढायचे. एकदा ती खूण पडली की कुणी त्या कडेला डोळा लावून बघायचं नाही. ताईने लहानपणी एकदा बघितलं होतं, तर आप्पा दिवसभर जेवले नव्हते.

गेल्या वर्षी हा गुण्या खिळ्याला अडकवताना आप्पा स्टुलावरून पडले. आधी गुण्या खाली, मग त्याच्यावर आप्पा. खांदा निखळला. डॉक्टरांनी तो बसवला आणि रंधा बंद करायला सांगितलं. आप्पा म्हणाले, "डॉक्टरला रंध्यातलं काय कळतं?" आणि खांद्याची पट्टी सुटायच्या आत हजर. मी ओरडले, ताईने त्यांच्यापुढे फळी ठेवली. नेहमीचंच.

त्यानंतर आमच्या कामाला जशी नजर लागली. एका मास्तरांचं पुस्तकांचं कपाट डुगडुगायला लागलं. एका बाईंच्या खिडकीची झडप लागेना. ताई परत जाऊन घासून, ठोकून यायची आणि लोक तिच्यासमोरच म्हणायचे, "आप्पा मिस्त्रींच्या हातची सर नाही हो." मग औषधांच्या दुकानवाल्या बाईंनी लहान लहान खणांचं मोठं कपाट करायला दिलं. ताईने जीव ओतला. पहिल्या खेपेचे खण केले, तर निम्मे अडकतात आणि निम्मे फटीतून आतलं दाखवतात.

आप्पांनी एक खण ओढला. तो आला नाही. त्यांनी जोर लावला तेव्हा मूठच हातात आली.

"तुझा हात गेला," ते म्हणाले. "हे कपाट परत आलं तर मी गाळा शेजारच्या गादीवाल्याला देणार. त्याला गोदाम हवंच आहे. माझ्या नावावर वाकडी कामं जायला नकोत."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. अख्खं आयुष्य तिने या एका गाळ्यात घातलंय. दुसरं काही तिला येत नाही आणि यायला नकोही आहे. मी मशीन थांबवून म्हटलं, "आप्पा, बोलताना जरा जीभ आवरा की." ते म्हणाले, "तू उशा शिव."

रात्री ताई मला एवढंच म्हणाली, "गुण्या पडला होता ना, त्याचा काटकोन गेला असणार. मी नवा घेते. तेवढं कळू दे, वाकडा हात आहे की हत्यार."

दुसऱ्या दिवशी आम्ही हार्डवेअरच्या दुकानात गेलो. या दुकानदाराला सगळे उद्याशेठ म्हणतात, कारण जे मागाल ते त्याच्याकडे उद्या येणार असतं. नशिबाने गुण्ये आजच होते. त्याने आधी काचेच्या कपाटातला, मखमलीच्या डब्यातला काढला. किंमत ऐकून ताईने तो बाळाला पाळण्यात ठेवावं तसा परत ठेवला.

"स्वस्तातले दाखवा. पण खरे."

"स्वस्त आणि खरं, ताई? दोन्ही एकदम हवं असेल तर उद्या या."

त्याने ढीग ओतला. ताईने एकेक उचलला. पट्टीवरच्या आकड्यांवरून नख फिरवायची. नखाला खाच लागली तर ठीक, नुसतं छापलेलं असलं तर बाजूला, कारण ते वर्षात पुसून जातं. मग स्क्रू आवळून पट्टी हलवून बघायची. डोक्यात खुळखुळली की बाजूला. डोक्यात बसवलेल्या, पातळी दाखवणाऱ्या पाण्याच्या बुडबुड्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. "ते खेळणं आहे," म्हणाली.

उरले तीन. मग खरी परीक्षा. ताईने पिशवीतून घरची एक फळी काढली, कडेवर आप्पांची शेंदरी खूण असलेली. गुण्याचं डोकं त्या कडेला टेकवून एक रेघ मारायची. मग गुण्या पालथा करून दुसऱ्या बाजूने टेकवायचा आणि त्याच ठिकाणी दुसरी रेघ. दोन्ही एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर खोटा.

पहिला फाकला. दुसरा फाकला. तिसराही.

"सगळाच माल खोटा ठेवता का हो?" मी आवाज चढवला. चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

उद्याशेठ भडकला. "अहो, मखमलीतला लावा! तो तरी खरा आहे ना?"

ताईने मखमलीतला लावला. त्याच्याही रेघा फाकल्या. आता उद्याशेठच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. त्याने कारखान्यात कापलेलं एक पांढरं शेल्फ दाणकन काउंटरवर आपटलं. "याच्या कडेवर तपासा! तुमचं लाकूड तुमच्या घरी!"

ताईने आधी तसली दोन शेल्फं कडेला कड लावून उजेडासमोर धरली. कुठे फट नाही. मग त्यावर रेघा मारल्या. मखमलीतला बरोबर. स्वस्तातले दोन बरोबर. तिसरा खरंच खोटा निघाला, त्याचं उद्याशेठला काहीच वाटलं नाही.

मग ताईने आप्पांच्या खुणेची कड त्या शेल्फाच्या कडेला लावली आणि वर धरली. मधे दोन्ही कडा चिकटलेल्या, दोन्ही टोकांना उजेड. तिने पावतीचा कागद टोकाशी घातला. तो सहज आत गेला.

फळीला पोट होतं. आप्पांचा खांदा साथ देत नाही, म्हणून रंध्यावर दोन्ही टोकांना भार बिघडायचा आणि रंधा टोकांचं लाकूड जास्त खायचा. वर्षभर प्रत्येक फळीची टोकं तशीच गेली होती, आणि प्रत्येकीवर ती शेंदरी खूण होती. तिच्यापुढे डोळा लावायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती.

ताईने स्वस्तातला एक गुण्या घेतला आणि उद्याशेठकडून टवका उडालेलं एक शेल्फही मागून घेतलं. वाटेत मी धुमसत होते. "घरी जाऊन आप्पांची अशी काही कानउघाडणी करते ना! वर्षभर तुला बोल लावला त्यांनी!"

"तू तोंड उघडायचं नाहीस," ताई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "हात माझा गेला नाहीये, एवढं मला पुरे होतं. पण आता त्यांचं काय करू, ते सांग."

मी तिच्या हातातलं शेल्फ घेतलं आणि चालायला लागले. माझ्या आयुष्यात नुसते पाय चालवायचे प्रसंग फार थोडे.

आप्पा स्टुलावर वाटच बघत होते. "आणलंस डबडं? इकडे दे." त्यांनी ती खुणेची फळी घेतली, रेघ मारली, गुण्या पालथा केला, दुसरी मारली. फाकल्या. आप्पा खूश. "बघ! स्वस्तातलं स्वस्तच."

ताईने पांढरं शेल्फ त्यांच्यासमोर ठेवलं. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, शेल्फाकडे पाहिलं आणि पुन्हा रेघा मारल्या. एकच रेघ दिसत होती. त्यांनी चष्मा पुसून परत मारल्या. मग उठून खिळ्यावरचा आपला गुण्या काढला आणि तोही शेल्फाला लावला. तोही अगदी खरा.

आप्पांनी फळी उचलली आणि, बापजन्मात पहिल्यांदा, आपल्याच खुणेच्या कडेला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"पडलो आम्ही दोघंही," ते म्हणाले. "हा बेटा गुण्या सरळ राहिला."

ताई म्हणाली, "आप्पा, खांदा दुखतो का?"

"रोज," आप्पा म्हणाले. "म्हटलं, सांगितलं तर तू मला स्टुलावरून उठवशील."

"मी?" ताई एवढंच म्हणाली आणि हमसून रडायला लागली. माझंही नाक वाहायला लागलं, ते मी शिवत असलेल्या उशीला पुसलं. ती उशी गिऱ्हाइकाची होती, पण वेळच तशी होती.

आप्पांनी आपला जुना गुण्या शर्टाला पुसला आणि ताईच्या बाकावर, तिच्या हाताजवळ ठेवला. शेजारी शेंदरी पेन्सिल ठेवली. मग स्वस्तातला उचलून माझ्याकडे वळले.

"तू काय बघतेस? हा माझ्या खिळ्याला लटकव. आणि स्टूल धरायला हिला बोलाव आधी."