मालक का किरायेदार

चार म्हातारे रोज सकाळी एकाच टपरीवर बसले की किस्से आपोआप साठतात. छपराच्या कवेलूंवर पालापाचोळा साठतो तसे. कोणी मुद्दाम चढवत नाही आणि उतरवायला शिडीही कोणी आणत नाही. गोंदियापासून अर्ध्या तासावरच्या आमच्या गावात वर्षभरात जो साठा झाला, तो सगळा घरटॅक्सचा. सांगण्यात थोडं इकडेतिकडे होईल. माझ्या आठवणीवर माझाच पूर्ण भरवसा नाही.

सुरुवात टेंभऱ्यांनी केली. ते रेल्वेत गार्ड होते. एके दिवशी कप खाली ठेवून मला म्हणाले, "सर, घराचं कर्ज फिटलं. विटा माह्या, माती माही. तरी दरसाल नगरपंचायतीले पैसे भरा, नाही तं जप्ती. मंग मी मालक का किरायेदार?"

मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक होतो, पीएच.डी.च मालमत्तेच्या हक्कावर केलेली. मी एक बाजू मांडली, मग दुसरी, मग पहिलीत काय चुकत असेल तेही सांगितलं. राइस मिलवाले सेठ सगळं शांतपणे ऐकत होते.

"सरजी, तीसरी बाजू भी बता दो," ते म्हणाले, "तब तक मैं दूसरी चाय बोलता हूँ."

चौथे मेश्राम, एसटीचे निवृत्त मेकॅनिक. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "टॅक्स किती येते जी तुम्हाले?" एखाद्याने दुसऱ्याच्या नातवंडांची चौकशी करावी तसं.

कारण मेश्रामांना टॅक्स येतच नाही. तलावामागे त्यांचं पक्कं घर आहे, पण सरकारी दप्तरात ती जागा झुडपी जंगल. तिथे झुडूप एकही नाही. एक कडुलिंब आहे, तोही त्यांनीच लावलेला. जंगल म्हणून घराची नोंद नाही, नोंद नाही म्हणून टॅक्स नाही. आता तिथून रस्ता रुंद होणार आहे. टॅक्सचा कागद असणाऱ्यांना निदान भरपाईचं विचारतील आणि बाकीच्यांचं घर अतिक्रमण म्हणून पाडतील, अशी गावात कुणकुण आहे.

*

टेंभऱ्यांनी दारावरची पाटीच बदलली. 'मालक: नगरपंचायत', खाली 'किरायेदार: टेंभरे'. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी ऑफिसात फोन लावला आणि मालकांनी चुना कधी मारायचा ठरवलाय, अशी चौकशी केली.

मग त्यांच्या नातीला बघायला गोंदियाहून पाहुणे आले. त्यांनी पाटी वाचली, पोहे खाल्ले आणि जाताना मध्यस्थाला बाजूला घेऊन विचारलं, "खुदका मकान नहीं है क्या इनका?" त्या संध्याकाळी टेंभरेकाकूंनी पाटी चुलीत घातली. टेंभरे म्हणाले, "पाहा, किरायेदाराले पाटी लावाचाही हक्क नाही."

*

माझं उलट. मी टॅक्स एप्रिलमध्येच भरतो. भरून घरी येतो आणि जेवताना वाटतं, दुसऱ्याच कोणाच्या नावावर जमा झाला तर? मग परत जातो. यंदा खिडकीवरचा बाबू मला पाहून उभाच राहिला. "सर, जमा झाला. घर तुमचंच आहे. आता त्या घरी जा."

*

टॅक्ससाठी घरांच्या फेरमोजणीला नगरपंचायतीची टीम आली तेव्हा सेठनी वरच्या मजल्याबद्दल सांगितलं की तो मोडकळीस आलाय, तिथे कोणी राहत नाही. बाबू लिहून घेत असतानाच वरच्या एसीचं पाणी त्याच्या डोक्यावर ठिबकलं.

हीच टीम तलावाकडून जाताना मेश्रामांनी अडवली. आपल्याला अधिकार नाही असं ते सांगत होते, तरी मेश्रामांनी टेपचं टोक धरून सारं घर मोजायला लावलं. शेवटी कोंबड्यांचं खुराडं मोजायचं राहिलं म्हणून परत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी टपरीवर टेंभरे त्यांना म्हणाले, "सुखी माणूस आहा तुम्ही. खरे मालक तुम्हीच."

मेश्राम म्हणाले, "टॅक्स देला तं घर आपलं राहत नाही म्हणता. माहा कोणी घेऊनच नाही राहिला, तं घर माहं होऊन नाही राहिलं. दोघांतून एकजण तं चुकून राहिला ना जी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चहाचे पैसे द्यायला उठलो.

*

मार्चअखेर आमच्याकडे थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवतात. लाज वाटून माणूस पैसे भरतो, अशी समजूत. बँड टेंभऱ्यांकडे आला, तेव्हा आम्ही तिघे बघायला हजर होतो. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं तोच काकू बाहेर आल्या आणि सगळी रक्कम बाबूच्या हातात ठेवली. बँड थांबला.

"काऊन थांबले?" टेंभरे ओरडले. "आता तं पैसे भरले. गाणं पुरं करा."

गाणं पुरं झालं. बाबू ओसरीवर बसून पावती लिहू लागला आणि मेश्राम बँडमास्तरजवळ गेले. "एक थकबाकीदार राहिला हाय," ते म्हणाले. "चला, मी घर दाखवतो."

बँडवाल्यांना यादी कुठे ठाऊक? ते निघाले. आम्हीही मागून. मेश्राम सगळ्यांच्या पुढे, मान ताठ. घरी पोचल्यावर त्यांनी बँडला कडुलिंबाखाली उभं केलं, वहिनींना खुर्च्या काढायला सांगितल्या आणि स्वतः धुतलेला सदरा घालून दारात उभे राहिले. बँड सुरू झाला. आळीतले सगळे जमले. कोणाचं लग्न, असं कोणी विचारलं की मेश्राम सांगत, "टॅक्स थकला आहे आमचा."

बाबू स्कूटीवरून घाईघाईत आला. हात हलवून त्याने बँड बंद करवला. "मेश्रामजी, काय करून राहिले तुम्ही? या घराचं आमचं काही बाकी नाही."

मेश्रामांनी खिशातला पेन काढून त्याच्यापुढे धरला. "असंच लिहून द्या. या घराचं काही बाकी नाही."

बाबूने पेन घेतला. टोपण काढलं. घराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मग टोपण लावलं, खुर्चीवर बसला, वहिनींनी दिलेला चहा हातात घेतला आणि बँडमास्तरला म्हणाला, "और एक बजाओ."