दगडी कापसाची चूल

थळच्या तुळशीराम कोळ्याला समुद्राने कधी दगा दिला नाही. त्याचा घात केला तो बोटीच्या पोटातल्या गरम नळांनी. मोठ्या लढाईपासून तो सरकारी लढाऊ बोटीवर होता. काम एकच, वाफेच्या नळांवर दगडी कापूस थापायचा. साहेब लोक त्याला आस्बेस्टॉस म्हणत. जुना खरवडायचा, नवा कालवायचा. पांढरी धूळ नाकातोंडात जायची आणि हा बाबा हसायचा, म्हणायचा पिठाच्या गिरणीत बसल्यागत वाटतं.

एकोणीसशे पंचविसाच्या सुमारास नोकरी सुटली. आता माणसाने गप घरी यावं की नाही? पण नाही, गडी पोतंभर कापूस घेऊनच आला. विस्तवाला जुमानत नाही, मग चुलीला याहून चांगलं काय? त्याच्या बायकोने, केसरने, तो मातीत कालवून चूल घातली. चूल तडकेना, आच धरून ठेवी. कोळीवाड्यात केसरचा तोरा वाढला. लेक शकू न्हावा गावात दिली तेव्हा तिच्या सासरची चूलही तुळशीरामने हौसेने स्वतःच्या हाताने घालून दिली. करायला गेला गणपती, झाला मारुती, दुसरं काय!

पुढे त्याला दम लागू लागला. वैद्य म्हणाला क्षय, देवरुषी म्हणाला बाहेरची बाधा. मग केसर खोकू लागली. वाकून चुलीचे पोपडे खरवडायची, सारवायची, ती तीच. थंडीच्या तोंडावर ती गेली. तुळशीराम पार खचला.

बोटीवरचा जुना सोबती गुणाजी भेटायला आला, तोही धापा टाकत. म्हणाला, "कोलसा मारनारं अजून हायेत, तुळशा. नल गुंडालनारं सगलं गेलं. आपुन दोघंच उरलो." मग त्याची नजर चुलीच्या पांढऱ्या पोपड्यांवर गेली. "आन् ह्यो कापूस घरात कशाला आनलास?"

तुळशीरामने तिथेच पहार उचलली. त्याने आपली चूल फोडली आणि न्हावा गावची होडी धरली.

शकू नुकतीच बाळंत झाली होती. चुलीच्या उबेला पोर कुशीत घेऊन पडली होती. तुळशीरामने दारातूनच पहार मागितली. "ही चूल फोडाची, शकू. हिच्यानंच तुजी आय गेली."

अहो, दुसऱ्याची चूल फोडायची म्हणजे त्याचा संसार मोडायचा. त्यात घरात ओली बाळंतीण. सासू आडवी आली. व्याह्याने त्याला दंडाला धरून ओट्यावर नेलं. शकूनेच हात जोडले. "बा, आय गेल्यापासून तुजं डोकं ठिकान्यावर न्हाय. तुज्याच हातची चूल हाय ती. माजा संसार मोडू नको."

समजावून सांगायला त्याने तोंड उघडलं आणि खोकल्याने त्याला गाठलं. श्वास परत येईतो दार लागलं होतं. आत सासू म्हणाली, पोराला शेक हवा, आणि चूल सारवायला बसली. पोपडे खरवडल्याचा आवाज त्याला ओट्यावर स्पष्ट ऐकू येत होता.