करडीची पेंड आणि दहा घरं

माझ्या चहात दूध नको, कोराच द्या. का म्हणता? अहो, दाट दुधाच्या चहानं माझं एक अख्खं वर्ष खाल्लंय! सांगायची लाज वाटते, पण या वयात लाज तरी किती सांभाळायची? ऐका.

निजामाचं राज्य होतं. मी शेतकी खात्यात हंगामी कारकून. हंगामी म्हणजे कसं, साहेब नुसते शिंकले तरी मला वाटायचं, गेली नोकरी! लग्न झालेलं, पण बायको तामलवाडीला माहेरीच. सासऱ्यांनी स्पष्टच सांगितलेलं, "जावईबापू, नोकरी कायम होऊ द्या, मग लेक नांदायला धाडतो."

अशात आमचे साहेब येरमाळ्याला आले. मूळचे हैदराबादचे, पण मराठी झकास बोलायचे. म्हणाले, "जोंधळ्याला करडीच्या पेंडीचं खत घातलं तर पीक वाढतं का, ते बघायचंय. जवळच्या एका गावातले दहा शेतकरी घ्या. पाच जणांना पेंड द्या, पाच जणांना देऊ नका. खळ्यावर दोन्हींचं माप घ्या. काम नीट केलंत तर कायम करतो."

"साहेब, पेंड चांगल्या शेतकऱ्यांनाच देऊ ना?"

"बिलकुल नाही! मग पीक वाढलं ते पेंडीनं की माणसानं, कसं कळणार? चिठ्ठ्या टाका!"

टाकल्या. महादेवाच्या देवळात दहा चिठ्ठ्या ठेवल्या आणि डोळे मिटून पाच उचलल्या. इतकं इमानदारीचं काम मी आयुष्यात पुन्हा केलं नाही. पहिली चिठ्ठी शिवाप्पांची निघाली. पोती वाटली, पेंड रानात कशी टाकायची ते तासभर समजावलं. सगळे मान डोलवत होते. सरकारी माणसाला तोंडावर "न्हाय" कोण म्हणतंय?

मग सुरू झाल्या चकरा. दर आठवड्याला येरमाळ्याहून पायी. थकून जायचो हो! कंटाळा यायचा, पाय तर बोलायचेच. दहाही रानं फिरून बघायची होती, पण गावात शिरलं की मी शिवाप्पांच्या ओट्यावर बसकण मारायचो.

"आप्पा, रान कसं आहे?"

"बेस हाय की! बसा, लई दमलाव."

तेवढ्यात त्यांची घरधनीण गंगाबाई चहा आणायची. काय तो चहा! दूध असं दाट, की वर साय धरायची. चहा संपला की वहीत लिहायचं, 'पाहणी केली.'

पेंडवाल्या पाचही घरी असाच चहा. बाकीच्या पाच घरी एकदाच गेलो. पातळ दूध, घोटभर गुळाचं पाणी. पुन्हा कशाला जातोय? दमलेल्या माणसानं कुठं बसावं, तुम्हीच सांगा! त्यांचीही पाहणी मी शिवाप्पांच्या ओट्यावरूनच उरकायचो.

खळी झाली, मापं झाली. आणि काय सांगावं, दोन्हीकडचं पीक सारखंच! मी अहवाल लिहिला, 'पेंड निरुपयोगी.' साहेबांना ते पटेना. स्वतःच गावात आले.

आधी शिवाप्पांकडं चहा झाला. मग समोरच्या घरी, ज्यांना पेंड मिळाली नव्हती तिथं. दुसरा पेला साहेबांनी उजेडात धरून बघितला, तसेच उठले आणि परत गंगाबाईंकडं आले.

"बाई, तुमची म्हैस काय खाते?"

"सरकारनं पेंड धाडली न्हाय का? तीच की!"

मी पुढं सरसावलो. "गंगाबाई, ती रानात टाकायची होती! तासभर सांगत होतो ना मी?"

"आता गं बया! खायाची चीज मातीत कोन घालतंय? आमाला वाटलं, उन्हानं तुमचं डोस्कं फिरलंय. आन् चहा ग्वाड म्हनून तुमीच तर पीत व्हताव!"

साहेब माझ्याकडं वळले. "इथं दर आठवड्याला येत होतात?"

"जी."

"पेंडवाल्या बाकीच्या घरी?"

"जी, तिथंही."

"आणि ज्यांना पेंड नव्हती त्यांच्याकडं?"

"एकदा."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हसले! म्हणाले, "मियाँ, घाबरू नका. प्रयोग वाया गेला नाही. तो फक्त दुसऱ्याच गोष्टीचा झाला."

आणि माझ्याच अहवालाखाली शेरा मारला: 'पाच शेतकऱ्यांकडे हे कारकून दर आठवड्याला गेले, पाच जणांकडे एकदाच गेले. निवड चिठ्ठ्यांनी झाली होती. पीक दोन्हीकडे सारखेच आले. सबब, या कारकुनांचा पिकावर काहीही परिणाम होत नाही.'

कायम कसला होतोय! बायको आणखी वर्षभर तामलवाडीलाच राहिली. सासरे पुन्हा पुन्हा विचारायचे, "कुणी तुमच्यावर अन्याय केला का? सांगा, वरपर्यंत अर्ज करू."

कुणाविरुद्ध करायचा अर्ज? चिठ्ठ्या मीच काढल्या होत्या, त्याही डोळे मिटून.