रोजचं मेहूण

तव्यावरची भाकरी उचलून निखाऱ्यांसमोर उभी केली, की क्षणभर ती नुसती श्वास रोखून धरते. मग एका कडेला इवलासा फुगवटा येतो, तो सरकत मध्यावर पोहोचतो, आणि बघता बघता ती टम्म फुगून बसते. मानापानावरून रुसलेल्या विहीणबाईंनी गाल फुगवून बसावं तशी! पापुद्रा फोडला की आतून वाफ येते. त्या वाफेत ज्वारीचा गोडसर, किंचित करपलेला असा काही सुगंध असतो, की माझ्यासारखा खादाड माणूस त्याच्यापुढे हात जोडून उभा राहतो. स्वर्गात अमृत मिळत असेल, मी नाही म्हणत नाही. पण ते तव्यावरून थेट ताटात पडत असेल का? मला शंका आहे.

आता या सुगंधातली गोम तुम्हाला सांगतो. भाकरी गरम खायची, तर खाणारा ताटावर हवा आणि दुसरं कोणीतरी तव्यापाशी हवं. दोघांनी एकदम खायचं म्हटलं तर गरमपणा गेला. पुरुषांनी आधी जेवावं आणि बायकांनी मागून, हा नियम आमच्याकडे कोणी दवंडी पिटून सांगितला नाही, कुठे कोरून ठेवला नाही. तो भाकरीच्या पिठातच मळलेला आहे. कोणाला विचारा, आधी पुरुषांनीच का? कोणीच तसं म्हटलेलं नसतं. सगळे एवढंच म्हणत असतात, गरम आहे तोवर खाऊन घ्या. किती मायेचं वाक्य! समाज माणसाला वळण लावायला काठी घेऊन येतो, अशी आपली समजूत असते. मी मात्र त्याला वाटीत आमटी घेऊन येताना पाहिलं आहे, आणि तेव्हापासून मला काठीची भीती वाटेनाशी झाली आहे.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, रंग न वाळलेल्या खुर्च्या. जो तो लातूरकडे धावत होता, आणि पाऊस तेवढा आमच्या वाटेला फिरकत नव्हता. माझा चुलतभाऊ बालाजी अशाच एका कचेरीत कारकून म्हणून लागला. शहरात खोली मिळेना, आणि मिळाली तरी तिथे पाणी नसे. म्हणून त्याने बायकोला, कुसुमला, चाकूरजवळच्या आमच्या गावी आईवडिलांपाशी ठेवलं आणि स्वतः शनिवारच्या एस.टी.ने येऊ-जाऊ लागला. त्याचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एकच अंगण. तिकडे चूल पेटली की धूर इकडे येई, आणि धुरामागून मी तिकडे जाई. बालाजीची आई, माझी मोठीमाय, मला उपाशी परत पाठवणारी नव्हती.

कुसुमवहिनी किनवटकडची. वडील रेल्वेत गँगमन. रुळाकाठच्या एका खोलीच्या क्वार्टरात ती वाढली. वडील कधी कामावरून परततील याचा नेम नसे, म्हणून तिची आई सगळ्या भाकऱ्या आधीच भाजून टोपलीत झाकून ठेवी. ते आले की सगळे गोल करून बसत. भाकरी गार, पण बोलणं असं रंगे की जंगलातून येणाऱ्या मालगाडीचा आवाजही ऐकू येत नसे. हे तिनेच मला लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत सांगितलं होतं, नव्या नवरीच्या भाबड्या उत्साहाने. पुढे ती असलं काही सांगेनाशी झाली.

त्या वर्षी कणसं भरलीच नाहीत. पीठ पुरवून वापरायचं ठरलं, आणि पुरवून वापरायचं म्हणजे शेवटी बसणारीने कमी खायचं, हे न सांगता ठरलं. आमच्या पंगतीची शेवटची जागा सुनेची. तिच्यापर्यंत पोहोचता पोहोचता आमटी पातळ होई, चटणीचं नुसतं तिखट उरे. आणि वहिनी तेव्हा पोटुशी होती.

बालाजी तिला लातूरच्या दवाखान्यात दाखवायला घेऊन गेला. तिथल्या नर्सबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि बालाजीला विचारलं, ही जेवते कधी? किती, असं नाही विचारलं. कधी, असं विचारलं. लग्नाच्या दिवशी चारचौघांच्या आग्रहाने भरवलेला घास सोडला, तर या गृहस्थाने आपल्या बायकोला जेवताना कधी पाहिलंच नव्हतं! हसू नका. तुम्ही पाहिलं आहे?

त्या शनिवारी मी त्यांच्याकडे पंगतीला होतो. नाटकाचा पडदा वर जावा तसं ते सगळं अजून डोळ्यांसमोर आहे. भिंतीला टेकून आबा, म्हणजे बालाजीचे वडील. शेजारी मी, मग बालाजी. बालाजीने आपल्या डाव्या हाताला एक पोतं अंथरलं, त्याच्यापुढे ताट मांडलं आणि चुलीकडे बघून म्हणाला, "कुसुम, तू बी बस."

आबांचा घास ओठांपाशी थांबला. चुलीतली काटकीसुद्धा तडतडायची थांबली असं मला वाटलं. आता भांडण होणार म्हणून मी सरसावून बसलो, कारण फुकटचं भांडण आणि गरम भाकरी असा योग नेहमी येत नाही. पण भांडण झालंच नाही. मोठीमाय हसली. अगदी मनापासून हसली आणि म्हणाली, "बस ग माय. नवरा म्हणतोय तर बस. मी हाय की भाकरी टाकायला."

आणि ती चुलीशी बसली. तिचे गुडघे दुखत. ते दुखणं खरंच होतं, त्यात नाटक नव्हतं. पण त्या दिवशी प्रत्येक भाकरीला तिच्या तोंडून एक बारीकसा कण्हण्याचा आवाज बाहेर पडला. वहिनी बसली होती. पुढ्यातली भाकरी तशीच. कण्हणं ऐकलं की ती उठे. मोठीमाय म्हणे, अगं बस, जेव. ती बसे. मग मिठाचं विसरलं म्हणून उठे, आबांच्या तांब्यात पाणी नाही म्हणून उठे, कोंबडी आत शिरली म्हणून उठे. तिला कोणी उठवलं? कोणीच नाही. आमचं जेवण झालं तेव्हा तिच्या ताटात एक अख्खी भाकरी होती, थंडगार, चामड्यासारखी झालेली.

तरी बालाजीने हट्ट सोडला नाही. पुढच्या शनिवारी त्याने पुन्हा पोतं अंथरलं. पण तोवर बातमी गावाला कळली होती, आणि गावाने ती अत्यंत आनंदाने स्वीकारली होती. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे व्रताला नाहीतर कुलाचाराला मेहूण जेवायला बोलावतात. नवरा-बायको दोघांना शेजारी शेजारी पाटावर बसवतात, कुंकू लावतात, पोटभर वाढतात, देव समजून पाया पडतात. त्या एका दिवशी दोघांनी बरोबर जेवणं म्हणजे पुण्य. मग रोज जेवणं म्हणजे काय? गावाने नाव काढलं, रोजचं मेहूण.

पारावर बालाजी दिसला की म्हातारे सरकून दोन माणसांची जागा करीत. सकाळी टँकर आला की पाइप धरायला आम्ही पुरुष असायचो, समोर बायकांच्या घागरींची लांबलचक रांग. एके दिवशी वहिनी आली, तशी एका शेजारणीने तिच्या हातातली घागर घेतली आणि कौतुकाने सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवली. म्हणाली, मेहुणाला पहिला मान. दुसरीने तिच्या पायाला हात लावला. तिसरीने विचारलं, "काय ग, रात्री कोणी कोणाला भरवलं?" सगळी रांग हसली. पाइप धरणारे आम्हीही हसलो, इतके की त्या दुष्काळात तांब्याभर पाणी मातीत गेलं. आणि वहिनी? तीही हसली. पदर तोंडाशी धरून, मान खाली घालून, आमच्यात सामील होऊन हसली. मग तिने आपली घागर उचलली आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली.

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ लोकांना हसवलं आहे. लग्नात, बारशात, अगदी दहाव्याच्या जेवणातसुद्धा. हसणं ही काय चीज आहे हे मला त्या सकाळी कळलं. शिवी दिली तर माणूस उलटून शिवी देतो. हसलं की तो आपल्याबरोबर हसतो, आणि हसता हसता आपला गुन्हा कबूल करून मोकळा होतो.

मी मोठीमायला गाठलं. अंगणात ती शेंगा निवडत बसली होती. मी आपला लाडात येऊन म्हणालो, पोरीला दिवस गेलेत, खाऊ दे की तिला आधी. लोकांचं काय मनावर घ्यायचं? मला वाटलं, आता ती रीतभात सांगेल, लाजलज्जा सांगेल. तिने यातलं काही सांगितलं नाही.

"दत्ता," ती म्हणाली, "मला बी दिवस गेले होते. चार वेळा. मी बी मागूनच जेवले. भाकर उरली तर खाल्ली, न्हाई उरली तर पाणी पिले. ती पोरगी आज नवऱ्याजवळ बसून जेवली अन् काहीच झालं न्हाई, तर मी काय येडी होते का एवढी वर्षं?"

मी बोलण्यात हार जाणारा माणूस नाही, पण त्या दिवशी शेंगा निवडू लागलो. ज्यांनी सोसलं तेच पहारा देतात. कारण दार उघडंच होतं हे कळलं, तर आत काढलेल्या आयुष्याचं काय करायचं? तिला सुनेचं वाईट करायचं नव्हतं. तिला फक्त आपला उपवास फुकट जाऊ द्यायचा नव्हता.

त्यानंतरच्या शनिवारी बालाजीने पोतं अंथरलं, तर वहिनी चुलीपासून हललीच नाही. मला आता भूक न्हाई, म्हणाली, तुम्ही जेवून घ्या, गरम हाय. बालाजीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग त्याने पोत्याची घडी घातली. त्याचा चेहरा मी शेजारून पाहत होतो. त्यावर दुःख असावं अशी माझी फार इच्छा होती. पण त्यावर सुटका होती. दाराबाहेर उन्हात उभं केलेल्या माणसाचा आत बोलावल्यावर होतो तसा तो चेहरा सैल झाला, आणि तो चवीने जेवला.

वहिनी दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी होती. रडायचंही बळ नव्हतं तिच्यात. नाव ठेवायच्या आत गेली. भाकरीमुळे गेली असं कोणी म्हटलं नाही. मीही म्हणत नाही. मी काही डॉक्टर नाही. त्या उन्हाळ्यात अशी बाळं बऱ्याच घरांत गेली, आणि सगळ्यांनी आभाळाकडे बोट दाखवलं. आभाळ तेवढ्यापुरतं फार सोयीचं होतं.

आणि मग गावाचा चांगुलपणा मी पाहिला. टँकरपाशी हसलेल्या त्याच बाया पदराआड काहीबाही घेऊन आल्या. कोणी डिंक आणला, कोणी गुळाचा शिरा, कोणी घरातलं शेवटचं तूप. त्या वर्षी ते तूप म्हणजे काय होतं हे मला ठाऊक आहे. त्यांनी वहिनीला भिंतीला टेकून बसवलं, भोवती उभ्या राहिल्या आणि एकेक घास तिच्या तोंडात घालू लागल्या. खा ग माय, खा, अंगात ताकद हाय का काही. मोठीमाय तर मांडी मोडून बसली होती, गुडघ्यांची तमा न करता, सुनेच्या पाठीवरून हात फिरवत, डोळे पुसत. बाकी सगळं घर उभं आणि वहिनी एकटी जेवत होती. कोणाचा राग करू मी? त्या सगळ्या खरोखर रडत होत्या. खलपुरुषच नसलेलं हे नाटक आहे, आणि म्हणूनच त्याचा शेवट बदलता येत नाही.

पुढे बालाजीला लातूरला क्वार्टर मिळालं. आबा आणि मोठीमाय देवाघरी गेली, दोन मुलं झाली, शिकून पुण्याला गेली. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. घरात दोघंच. खिडक्यांना पडदे, दाराला आतून कडी. गाव कित्येक कोस दूर, आणि टँकरपाशी हसणाऱ्यांपैकी निम्म्या आता हयात नाहीत. तरी बालाजी आणि मी टेबलाशी बसलो आणि वहिनी गॅसपाशी उभी राहिली. आम्ही एक भाकरी संपवली की दुसरी येई.

मला राहवलं नाही. म्हणालो, वहिनी, आता बसा की तुम्हीही. आता कोण बघायला येतंय इथे?

तिने भाकरी उलटली. चिमट्याने कड दाबली. म्हणाली, "कोणी न्हाई बघत, भावजी. यांनी बी म्हणून पाहिलं इथं आल्यावर. बसून पाहिलं मी. पण समोर कोणी असलं की माझा घास उतरत न्हाई आता."

हे ती सहज बोलली, हवापाण्याबद्दल बोलावं तशी. बालाजीने मान वर केली नाही. मी काहीतरी विनोद करणार होतो, जिभेवर आलाही होता. तो तिथेच राहिला. तिने फुगलेली भाकरी माझ्या ताटात टाकली, आणि मी खाईपर्यंत थांबून राहिली.