धुतलेली शिट्टी

सरांनी माझ्या गळ्यातली शिट्टी मागितली. नळ कोरडा होता, म्हणून मी तांब्यानं पाणी ओतलं. सरांनी खिशातून साबणाची वडी काढली आणि शिट्टी धुतली. दोनदा. माझी दोरी फेकून दिली, स्वतःची नवी दोरी ओवली, शिट्टी गळ्यात घातली आणि फोटोसाठी मधल्या खुर्चीवर जाऊन बसले.

तांब्या मीच धरला होता. धार तुटू दिली नाही. काय मन लावून धरला होता! बावळट कुठली.

वैजापूरला आमच्या कॉलेजच्या मुलींनी खो-खोची स्पर्धा जिंकली, त्या दुपारची ही गोष्ट. संघ शिकवलेला मी. मुली खाली मांडी घालून बसल्या, मागं खुर्चीत सर. फोटोवाल्यानं मला हातानंच बाजूला केलं.

"मावशी, सावली पडतीय तुमची."

"पडतीय खरी," म्हणत मी सरकले.

आम्ही करमाडच्या बाजूचे, मेंढरं राखणारे. निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्या साली माझा जन्म. कॉलेजात पोचलेली घरातली पहिलीच. कळपातून फुटलेल्या मेंढरामागं पळायचं नसतं. ते जिथं जाणार तिथं आधी जाऊन उभं राहायचं. मैदानावर मी तेच केलं आणि तीन वर्षं कर्णधार राहिले. कुणी कुठून उठायचं, कुणाला खो द्यायचा, सगळं मी नजरेनं सांगायची.

शिक्षण संपलं तेव्हा खेळाचे सर म्हणाले, "इथंच राहा. मुलींना तूच शिकव." कागदावर 'शिपाई' लिहिलं होतं. मला वाचता येत होतं, बरं का. तरी वळणदार सही ठोकली. दुसऱ्या दिवसापासून सर मला मावशी म्हणायला लागले. मी चोवीसची, सर चाळिशीचे. कॉलेजात पाणी भरणारीला, झाडणारीला मावशीच म्हणतात. मला वाटलं, सरांनी नातं जोडलं! गावी जाऊन आईला सांगितलं. ती आनंदानं रडली. दोघी सारख्याच.

मैदान झाडायची मी, मुलींना पळवायची मी. लांब शिट्टी वाजली की जिथं असतील तिथं ताडकन उभं राहायचं, ही माझी शिस्त. सर लिंबाखाली पाहुण्यांबरोबर चहा प्यायचे. मी जवळून गेले की म्हणायचे, "मावशी, जरा लांबून. मेंढराचा वास येतो." पाहुणे हसायचे. मीही हसायची. सगळ्यांत मोठ्यानं.

वैजापूरहून परतताना एसटीत संघाची कर्णधार सुमन माझ्या शेजारी बसली.

"आक्का, फोटोत शिट्टी वाजती का?"

"नाय. येडी का तू?"

"मंग सर तोंडात घालणार नव्हते?"

"नाय."

"मंग धुतली कशाला?"

उष्टी शिट्टी तोंडात कोण घालील, म्हणून धुतली, असं मी मनाला समजावलं होतं. त्या पोरीनं तेवढाही आडोसा ठेवला नाही. घरी गेल्यावर स्वतःचा हात हुंगला. खरंच हुंगला.

पुढच्या वर्षी अंतिम सामना आमच्याच मैदानावर झाला. जिंकलो. गुलमंडीतला फोटोवाला तीन पायांचा कॅमेरा घेऊन आलेला. मुली बसल्या. सरांनी खुर्चीतूनच हात पुढं केला.

"मावशी, शिट्टी. आणि पाणी आणा."

"पाणी नाय, सर."

"मग भरून आणा."

"शिट्टी पण नाय."

प्राचार्य बघत होते. सर हसतच हळू आवाजात म्हणाले, "परत मेंढरामागं जायचंय का?"

मी शिट्टी तोंडात धरली आणि लांब वाजवली. बाराच्या बारा मुली ताडकन उभ्या राहिल्या. फोटोवाल्याचं डोकं काळ्या कापडात. त्यानं कळ दाबली. त्या फोटोत मुलींच्या मागं सरांचा एक गुडघा तेवढा दिसतो. कॉलेजनं तो लावला नाही. माझ्याकडं आहे.

दुसऱ्या दिवशी मैदान काढून घेतलं आणि संडास दिले. दोन वर्षं धुतले. आता साबण माझ्या हातात होता, एवढाच फरक. सुमनला संघातून काढलं. त्याच उन्हाळ्यात बापानं तिचं लग्न उरकलं. ती परत मैदानावर आली नाही. शिट्टी मी वाजवली आणि उठल्याची शिक्षा तिला झाली. पुढं दुसऱ्या कॉलेजानं मला घेतलं, कागदावर 'प्रशिक्षक' लिहून. म्हातारी होईपर्यंत पोरी पळवल्या. सुमनसारखी एक नाही मिळाली.

वैजापूरचा फोटो जुन्या कॉलेजात अजून लटकतोय. खाली सरांचं नाव, 'संघाचे शिल्पकार' म्हणून. आता तिथून पत्र आलंय. माझा सत्कार. शाल सरांच्या हस्ते, नव्वदीला टेकलेत.

नात म्हणते, "आजी, जाऊ दे ना. म्हातारे झालेत ते."

मीही झालेय.

जाणार. शिट्टी गळ्यात घालून, मांडवाच्या दारातच वाजवून, ओलीच. शाल उघडायच्या आत ती उष्टी शिट्टी सरांच्या हातात ठेवणार आणि माईकवर सांगणार, "वाजवा." वाजवली तरी शाल घेणार नाही. पाणी मागितलं तर मागू देत, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल.

तांब्या मी धरणार नाही.