आधी काय झालं होतं?

माझी धाकटी बहीण तिसरीत असताना तिला एका शाळेतून काढलं. काढलं असं कुणी म्हटलं नाही. मुख्याध्यापिका आईला एवढंच म्हणाल्या, "हिला आमच्याकडे जमणार नाही, दाखला घेऊन जा." त्या सकाळी बहिणीने बाकावरच्या मुलीच्या हाताला चावा घेतला होता. त्याआधी कंपासपेटी भिरकावली होती, आणि त्याआधी बाकाखाली शिरून इतकी किंचाळली होती की शेजारचा वर्गही थांबला होता.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मुंबईची खोली सोडून आम्ही फुलपाड्याला राहायला आलो होतो. बिल्डिंगमध्ये सगळ्यांचे दरवाजे दिवसभर उघडे, त्यामुळे आमच्या घरचा आरडाओरडा कुणापासून लपायचा नाही. कुणी म्हणे दृष्ट काढा, कुणी म्हणे दोन धपाटे घाला. आईने दोन्ही करून पाहिलं. बहीण रागावून झाली की भिंतीकडे तोंड करून झोपायची, आणि उठल्यावर आईला विचारायची, "मी वाईट आहे का गं?"

दुसऱ्या शाळेत आम्हा दोघींनाही घातलं. मी सातवीत होते. तिच्या वर्गाच्या बाई जवळच्या उमेळे गावच्या, तिथल्याच जुन्या ख्रिस्ती घरातल्या. उंच, सावळ्या, चालताना चपला घासत चालणाऱ्या. आवाज मात्र कधी चढायचा नाही.

पहिल्याच आठवड्यात बहिणीने बाक उलटा केला आणि ती शेजारच्या बाकाखाली शिरली. बाईंनी बाकीच्या मुलांना व्हरांड्यात बसवून पाढे म्हणायला लावले आणि स्वतः वर्गात, तिच्यापासून बऱ्याच अंतरावर, जमिनीवर बसल्या. तिला हात लावला नाही, समजावलंही नाही. "मी इथे आहे," एवढंच म्हणाल्या आणि खडूचे तुकडे निवडत बसल्या. बराच वेळ गेला. मग बहीण बाकाखालून बाहेर आली. बाई म्हणाल्या, "चल, बाक सरळ करू. एक बाजू तू धर."

संध्याकाळी आई शाळेत गेली ती घाबरतच. आता इथूनही दाखला मिळणार, असंच तिला वाटत होतं. तिने बोलायला सुरुवात केली, "बाई, हिने आज काय केलं ते कळलं मला..."

"काय केलं ते मीही पाहिलं," बाई म्हणाल्या. "आधी काय झालं होतं, ते मी आठवून बघतेय. घरी असं होतं तेव्हा आधी काय झालेलं असतं?"

हा प्रश्न आईला तोवर कुणी विचारलाच नव्हता.

मग आम्ही घरी लक्ष ठेवू लागलो. चित्र अर्धं असताना जेवायला बोलावलं, की भडका. खेळ मध्येच आवरायला लावला, की भडका. तिकडे बाईंनाही तेच दिसलं: ती फळ्यावरचं उतरवून घेत असताना फळा पुसला, की ती जागेवर राहत नाही. त्या दिवसापासून फळा पुसण्याआधी बाई तिच्याकडे बघायच्या. तिने मान हलवली की मगच डस्टर उचलायच्या. राग चढतोय असं वाटलं, तर न विचारता उठून मागच्या अंगणातल्या रोपांना पाणी घालायची मुभा तिला दिली होती. झाडं कधी कधी पाण्याने बुडून जायची.

पालकसभेत एकजण तावातावाने म्हणाले, "हे लाड आहेत. आमच्या मुलांनी काय करायचं?"

"सांडलेलं तीच पुसते, फेकलेलं तीच उचलते," बाई म्हणाल्या. "फक्त शांत झाल्यावर. पेटलेल्या माणसाला झाडू देऊन काय उपयोग?" सभा संपल्यावर ते गृहस्थ तडक निघून गेले. पटलं होतं असं काही वाटलं नाही.

पुढे शाळेची तपासणी आली. विस्तार अधिकारी तिसरीच्या वर्गात गणित विचारत होते. मी त्यांच्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभी होते. त्यांनी बोलता बोलता फळा पुसला. बहिणीची पाटी भिंतीवरच्या तसबिरीवर जाऊन आदळली, काच खळकन खाली आली. मुख्याध्यापक धावत आले. साहेब लालबुंद होऊन ओरडले, "ही कुठली पद्धत?"

"साहेब, चूक माझी," बाई म्हणाल्या. "तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक चिमुरडी उभी राहिली. "साहेब, तिचं लिहून झालं नव्हतं." मग मागून आणखी एक आवाज आला, "आम्ही थांबतो तिच्यासाठी."

साहेब खुर्चीत बसले आणि माझ्या हातातला ग्लास मागितला. बाईंनी काचा झाडल्या, बहिणीने रडत रडत सुपली धरली.

ती एकदम सुधारली असं नाही. चौथीतही एकदा कुणाची तरी वही फाटली. पण त्याच वर्षी एका नव्या शिक्षकांना तिने हात वर करून सांगितलं, "सर, थांबा ना, माझं राहिलंय." बाईंना ते कळलं तेव्हा त्या व्हरांड्यातच थांबल्या आणि चष्मा काढून डोळे पुसले.

बहीण दहावी झाली तेव्हा आई तिला घेऊन उमेळ्याला पेढे द्यायला गेली. मीही होते. बाई निवृत्त झाल्या होत्या, अंगणात केळीची सुकलेली पानं कापत होत्या. आई म्हणाली, "तुमच्यामुळे झालं सगळं."

मला वाटलं, आता त्या 'छे, मी काय केलं' म्हणतील. त्या म्हणाल्या, "केलं, खूप केलं. घरी जाऊन दमून नुसती पडून राहायचे मी." मग बहिणीकडे वळल्या. "पण तो राग अंगात घेऊन रोज शाळेत यायला मला नव्हतं लागत. ते हिने केलं."

बहिणीने पेढा त्यांच्या हातावर ठेवला. बाईंनी तो अर्धा केला आणि अर्धा तिला भरवला.