बूट घालून पानमळ्यात

आमच्या पानमळ्यात कुत्रं जायचं. मांजर जायचं. आप्पांचे तंबाखू खाणारे तीन दोस्त जायचे, आणि त्यांची पिचकारी वेलाला फारच मानवत असावी, कारण आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांना कधी अडवल्याचं मला आठवत नाही. बाई पाळीच्या चार दिवसांत आत गेली तर मात्र वेल सुकतो. आता बाईचे चार दिवस कुठले हे वेलाला कळलं तरी आप्पांना कसं कळावं? त्यावर आमच्या घरात फार शास्त्रशुद्ध तोडगा निघाला होता. बाईनं महिनाभर आत जायचंच नाही.

ज्यांनी पान फक्त टपरीवर पाहिलंय त्यांना सांगते. मिरजेच्या पूर्वेला आमच्या भागात शेवरी आणि शेवग्याची झाडं दाटीनं लावतात आणि त्यांच्या अंगावर नागवेल चढवतात. वेल जसा वाढेल तसा लव्हाळ्यानं झाडाला बांधत जायचा. वर्षातून एकदा तो खाली उतरवून, वेटोळं करून बुडाशी मातीत पुरायचा, म्हणजे शेंडा नव्या दमानं पुन्हा वर चढतो. त्याला उतरण म्हणतात. भर एप्रिलात बाहेर डोकं तापत असताना मळ्यात गारवा असतो. आत जाताना पुरुषांनी चपला बाहेर काढायच्या, देवळात काढतात तशा. फरक एवढाच की देवळात तंबाखू थुंकत नाहीत. निदान आतल्या भिंतीवर नाही.

हे सगळं मी बाहेरून पाहून लिहिते आहे. लहानपणी मी ओसरीवर बसून पानांच्या कवळ्या लावल्या, म्हणजे देठ जुळवून जुड्या केल्या. मळा आमचा होता, पण मला आणि आईला त्यातली फक्त खुडलेली पानं भेटायची.

मग मी साताऱ्याला कॉलेजात गेले आणि तिथं एका संघटनेत पत्रकं लिहायला शिकले. एक कागद, दोन बाजू, मथळ्यात प्रश्न, शेवटी आवाहन. मधे शंका आली तर ती कापायची, कारण जागा नसते. माझं पहिलंच पत्रक गाजलं: ‘वेलाला पाळी कळते का?’ साताऱ्यात फार गाजलं. साताऱ्यात पानमळे नाहीत.

गावात याच काळात एक खरी अडचण उभी राहिली होती. दादा फौजेत, वर्षातून एकदा येणार. आप्पांचा गुडघा गेलेला. मळा बघणार कोण? वहिनीला तो बघायचा होता. वहिनी आटपाडीकडची. तिच्या माहेरी डाळिंबाची बाग, तिथं ती वडिलांच्या बरोबरीनं छाटणी-फवारणी करायची. आमच्याकडे सहा वर्षं ओसरीवर बसून ती नुसतं पान हातात घेऊन सांगायची, “ह्ये वरल्या अंगाच्या वळीतलं पान हाय. पाणी कमी पडतंय तिला.” आप्पा जाऊन बघायचे आणि तसंच असायचं. आप्पांनी याचा योग्य अर्थ काढला: सून ओसरीवर बसूनच एवढं ओळखते, तर आत जायची गरजच काय.

वहिनीला मळा मिळाला नाही तर काय होणार, हेही ठरलेलं होतं. शेवरी तोडायची आणि ऊस लावायचा. आमच्याकडे कुठल्याही प्रश्नाचं उत्तर ऊस असतं.

तेव्हा मी ठरवलं की वहिनीला मळ्यात नेऊन सोडायचं. तिला विचारलं का? पत्रक वाचायला दिलं होतं.

श्रावणात साताऱ्याहून आम्ही सहाजण आलो. पायात ट्रेकिंगचे बूट, कारण रूढी मोडायची तर ती चप्पल काढायचीही मोडायची, असं आम्ही बैठकीत एकमतानं ठरवलं होतं. सकाळी शेजारच्या गावातल्या एका मळ्यात गेलो. तिथल्या मालकानं पोरींना हसत हसत आत सोडलं. “जावा की, कुटंबी फिरा.” आम्ही भारावलो. खेड्यातही असे विचारी लोक आहेत, असं एकानं लगेच फोटोखाली लिहिलं. त्याचा अर्धा मळा बुडातून कुजला होता आणि उरलेला वाचायची त्याला आशा नव्हती, म्हणून तो एवढा उदार झाला होता, हे आम्हाला नंतर कळलं. आम्हाला पिवळी पानं दिसली होती. फोटोत ती छान दिसत होती.

दुपारी तेच बूट घालून आमच्या मळ्याच्या तोंडाशी. आप्पा सांगलीला दवाखान्यात गेले होते. म्हणजे आम्ही पराक्रम करायला मालक घरी नसलेली वेळ बरोब्बर साधली होती.

वहिनी आली. चपला तिनं बांधावरच काढल्या.

“वन्सं, बूट काढाय सांगा समद्यांस्नी.”

“वहिनी, अगं, तेच तर मोडायचंय.”

“मोडा की. पर आमच्या डाळिंबाच्या बागंतबी भाईरचा बूट आत घेत न्हाईत. चिखुल बगा केवडा लागलाय.”

यावर मी तिला पाच मिनिटं समजावून सांगितलं की गुलामाला आपली बेडी दागिना वाटते. अगदी त्याच शब्दांत. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बरं. माजी बेडी काडून ठिवली हितं बांदावर. चला.”

पोरं हसली. मी नाही हसले. माझ्या लक्षातच आलं नाही की ही मला बोलली.

सहा वर्षांनंतर वहिनी त्या मळ्यात पहिल्यांदा गेली, अनवाणी. आम्ही बूट घालूनच आत फोटो काढत होतो तेव्हा ती एकेका वेलाचं बूड बघत पुढं चालली होती.

तीन आठवड्यांत मळ्याच्या तोंडाकडच्या ओळी झुकल्या. पानांची कळा गेली, बुडाशी काळं पडलं. वेल ओढला की हातात यायचा. मर लागली होती. आप्पांच्या तिन्ही दोस्तांनी ओट्यावर बसल्या बसल्या निदान केलं. “सून गेली व्हती न्हवं आत? मग आनि काय व्हनार?” आम्ही सहाजण गेलो होतो, त्यात तीन पोरी. पण पाहुण्यांना कोण नाव ठेवतं? आईसुद्धा वहिनीला म्हणाली, “चार दिस तरी न्हवतं न्हवं तुजं?” आप्पांनी शेवरी काढायला सोमवारचा ट्रॅक्टर सांगून टाकला.

शनिवारी कृषी सहायक आला. मळ्याच्या तोंडाशी वहिनी आणि मी दोघीच होतो. त्यानं एक वेल उपटला, मूळ चिरून वास घेतला आणि विचारलं, “दुसऱ्या मळ्यातली माती आली होती का इकडं? पायानं, अवजारानं? ही कुज तशीच येते.”

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. ती बोलली असती तर सून नणंदेवर ढकलते, एवढंच झालं असतं, आणि ते तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

मी रविवारभर विचार केला. खरं सांगायचं तर बचाव शोधला. पाऊस जास्त होता. निचरा बरोबर नव्हता. आणि बूट आमचे होते असं कबूल केलं तर चप्पल काढायची रूढी खरी ठरते, म्हणजे जुन्या मंडळींचा विजय, म्हणजे चळवळीचं नुकसान. पत्रकं लिहिणाऱ्याला स्वतःचं नुकसान चळवळीच्या नावावर टाकायला जास्त वेळ लागत नाही.

संध्याकाळी ओट्यावर आप्पा आणि दोस्त बसले होते. आई आणि वहिनी दारात पानं निवडत होत्या. मी सांगितलं. सकाळचा कुजका मळा, चिखल, बूट, वहिनी नको म्हणाली होती तेही, आणि मी तिला काय ऐकवलं तेही.

“म्हंजी बाईमुळं न्हाई,” आप्पा म्हणाले.

“नाही. बुटामुळं. माझ्या.”

“बूट घातल्याली बी बाईच की,” एक दोस्त म्हणाला.

“सहातले तीन पुरुष होते काका. त्यांचे बूट मोठे होते. जास्त चिखल मावत होता.”

मला वाटलं होतं मार नाही तरी शिव्या मिळतील. आप्पा गुडघा चोळत वहिनीकडे बघून म्हणाले, “ऱ्हायल्याल्या वळी वाचत्याल का?”

“खालल्या अंगाच्या वाचत्याल. मेल्यालं उपटून जाळाय पायजे. मोरचूद-चुना वताय पायजे बुडात. उद्याच.”

“बग मग तू. पर त्ये चार दिस...”

“आवं आप्पा, त्या चार दिसांत पानी कोन पाजनार? तुमचा गुडगा?”

आप्पा काही बोलले नाहीत. आमच्या घरात एखादी गोष्ट मान्य झाली की असाच आवाज होतो. सोमवारी ट्रॅक्टर आला आणि चहा पिऊन गेला.

संघटनेसाठी मी नवं पत्रक लिहिलं, त्यात बुटाचा सगळा किस्सा घातला. बैठकीत तो कापला गेला. मुद्दा पातळ होतो म्हणे. मी ते स्वतःच्या पैशानं छापलं आणि एकटीनं वाटलं. शेजारच्या गावात लोकांनी ते आवडीनं वाचलं आणि पहिलं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं: पानमळ्यात चप्पल घालू नये. बाईचं मागच्या बाजूला होतं. कागद उलटायची इकडं सवय कमी.

परवा गावी गेले. एसटीतून उतरून थेट मळ्याकडे. तोंडाशी पाय धुवायला मोरचुदाच्या निळ्या पाण्याचं घमेलं ठेवलं होतं आणि वहिनी अंगठ्याला पत्र्याचं नख लावून पहिल्या ओळीत पानं खुडत होती. मी सँडल काढले, पाय घमेल्यात घातले.

“कुनाच्या मळ्यातनं आला वन्सं?”

“वाटेत दोन ठिकाणी पत्रकं दिली.”

“मग आज भाईरच ऱ्हावा.”

“पाय धुतले की गं.”

“साडीचा घोळ धुतला का?” ती बाहेर आली, भरलेली पाटी माझ्यासमोर बांधावर ओतली आणि परत आत गेली. मी खाली बसून कवळ्या लावायला घेतल्या. थोड्या वेळानं आतून आवाज आला, “देठ एका अंगाला घ्या. मगाधरनं बगतीया, उलटसुलट लावताय.”